वनपासावरच्या बारा लेकी

निमदरा पोलीस दूरक्षेत्र
दिनांक १८/०१/२०२६, रविवार. सुरुवात सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांनी.
लिहून घेणार : महिला पोलीस शिपाई दिपमाला.

माझे नाव ताईबाई, आडनाव बोरसे. पतीचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते आधार कार्डावरून उतरवून घेतले आहे : लोटन. वय ६६ वर्षे. काम घरचे, आणि उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकते. राहणार तेलघाणी गल्ली, अमळनेर, जिल्हा जळगाव. मोबाईल आहे, नंबर पाठ नाही.

मी आपल्या पायांनी येथे आले असून, कोणी पढवलेले नाही (पढवायचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच), आणि मला विचारण्यात आल्यावरून सांगते ते असे की,

माझे पती वय ७२ हे सध्या याच दूरक्षेत्राच्या बाहेर बाकावर बसलेले आहेत. निमदरा राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरील वनरक्षक प्रेमराज यांनी त्यांच्याविरुद्ध लेखी दिले आहे की, त्यांनी ज्येष्ठ नागरिकाच्या सवलतीच्या पासावर परक्या माणसांना आपले कुटुंब म्हणून अर्ध्या दराने आत नेले, तेही एकदा नाही, आजची धरून तेरा वेळा. पास जप्त झाला आहे. गुन्हा दाखल करायचा की समज देऊन सोडायचे हे साहेब ठरवणार आहेत आणि त्यासाठी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : आज गाडीत बसलेली माणसे तुमची कोण? त्याचे उत्तर मी देणार आहे. पण मधूनच तोडून उत्तर द्यायला मी काही रेडिओ नाही. सगळे सांगेन, मग उत्तर.

माझे पती एस.टी.त कंडक्टर होते. बत्तीस वर्षे नोकरी केली, निवृत्त होऊन चौदा झाली. आम्हाला एकच अपत्य, मुलगी सारिका, सुरतला दिलेली. ती दिवाळीला येते. तिची मुले येतात तीही मोबाईलमध्ये डोके घालूनच. नोकरीत असताना हे दिवसभर बोलत असत, त्यामुळे घरी आल्यावर बोलत नसत, हे मी समजून घेतले. निवृत्तीनंतर तरी बोलतील असे वाटले होते. दिवसाला मोजून दहा शब्द. चहा. पेपर आला का. मीठ कमी आहे. तेवढ्यात चौदा वर्षे गेली.

गेल्या ऑक्टोबर महिन्यापासून मला संशय येऊ लागला. कारण असे की, दर रविवारी हे सकाळी लवकर उठून दाढी करू लागले. आठवड्यात दोनदा दाढी करणारा माणूस. टोपी मला धुवायला न देता स्वतः नीळ घालून धुतली. शर्टाला इस्त्री बाहेरून करून आणली. नऊ वाजता निघायचे ते संध्याकाळी सातला परत. कुठे जाता विचारले तर म्हणाले, धुळ्याला निवृत्त कंडक्टरांची बैठक असते. मी म्हटले, दर रविवारी? तर म्हणाले, प्रश्न खूप आहेत. मी मनात म्हटले, सरकार तुम्हीच चालवता की काय!

मी लगेच भांडत नाही. लोकांना वाटते ताईबाई तोंडाळ आहे. तोंडाळ आहेच, पण आधी गोळा करते, मग बोलते. धुळ्याचे मगननाना यांच्याच बरोबरचे कंडक्टर. त्यांच्या पत्नीस मी फोन केला आणि इकडचे तिकडचे बोलून सहज विचारले, नाना बैठकीला गेले का हो? ती म्हणाली, कसली बैठक अक्का, ती तर महिन्यातून एकदा असते, आमचे हे घरीच आहेत, कमरेला शेक देतेय. मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी हे आले तेव्हा मी विचारले, बैठकीला मगननाना होते का? तर म्हणाले, होते ना, मजेत आहेत.

त्यानंतर मी वस्तू पाहू लागले. एका रविवारी चपलेला तळाशी सागाचे वाळलेले पान चिकटून आले. धुळ्याच्या स्टँडवर साग कुठून आला? एकदा रुमालाला गोळीबिस्किटांचा वास होता, जी आमच्या घरात येत नाहीत. आणि डिसेंबर महिन्यात, तारीख नक्की आठवत नाही, शर्टाच्या खिशात केसांना लावायची चाप निघाली. गुलाबी, फुलपाखराची. ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. त्या रात्री मी जेवले नाही. यांनी विचारलेही नाही. सासऱ्यांच्या वेळची एक गोष्ट गल्लीत अजून सांगतात, की एका भल्या माणसाचे दुसऱ्या गावी दुसरे घर निघाले होते आणि ते त्याच्या तेराव्याला कळले. तीच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत राहिली.

काल शनिवार दिनांक १७ रोजी दुपारी कपडे धुताना यांच्या जुन्या कंडक्टरच्या कातडी पाकिटात मला सदर पास मिळाला. 'ज्येष्ठ नागरिक वनपास, निमदरा राष्ट्रीय उद्यान' असे वर लिहिलेले, यांचा फोटो, फोटोत हसलेले आहेत. आमच्या लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत. मागच्या बाजूला नियम छापलेले आहेत. ते मी चष्मा लावून तीन वेळा वाचले. त्यात असे आहे की, पासधारक स्वतः गाडीत हजर पाहिजे, पास दुसऱ्याला देता येणार नाही, आणि पासधारकाबरोबर त्याच गाडीतून त्याच्या कुटुंबातील चार जणांना अर्धा दर. कुटुंब म्हणजे पत्नी किंवा पती, मुले, सुना-जावई, नातवंडे, व्याही. खोटी माहिती दिल्यास पास जप्त व पुढील कारवाई. त्याखाली शिक्क्यांसाठी चौकोन आहेत. बारा चौकोन भरलेले होते, सगळे रविवार. दिवाळीचे दोन रविवार मात्र रिकामे, कारण तेव्हा सारिका आलेली होती आणि यांना घराबाहेर पडता आले नव्हते. प्रत्येक शिक्क्यापुढे पेनाने लिहिलेले होते : सोबत कुटुंब ३. सोबत कुटुंब ४. सोबत कुटुंब ३.

मी मोरीतच खाली बसले. माझ्याशिवाय यांचे कुटुंब कोणते? तेही कधी तीन, कधी चार! पास मी होता तसा परत ठेवला. शर्ट पिळून वाळत घातला. हे संध्याकाळी म्हणाले, उद्या धुळ्याला जायचे आहे. मी म्हटले, जा ना, प्रश्न खूप असतील.

आज रविवारी सकाळी नऊ वाजता हे गल्लीच्या तोंडाशी आमच्याच गल्लीतील भूषण याच्या जीपमध्ये बसले. भूषण पर्यटकांना फिरवतो. मी पावणेदहाच्या चोपडा गाडीने निघाले. अर्धे तिकीट घेतले, आम्हा बायांना अर्धेच आहे. चोपड्याहून काळीपिवळीने फाटकावर आले तेव्हा एक वाजला असावा. माझे गुडघे दुखतात. काळीपिवळीत नऊ माणसे होती, मी दहावी. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तेथे बसून एक चहा चार वेळा थंड करून प्याला. टपरीवाल्यास विचारले, पांढरी टोपी, उंच म्हातारा, दर रविवारी येतो का? तो म्हणाला, आबा ना? येतात की. लेकीबाळी घेऊन येतात. फार गोड माणूस.

गोड माणूस! त्याच वेळी मला समजायला हवे होते की तो दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. पण राग आला की मला समजत नाही.

अंदाजे सव्वादोन वाजता भूषणची जीप गिऱ्हाईक घेऊन आली (तोवर ती चोपड्यालाच थांबलेली होती, हे मागून कळले). पुढे माझे पती बसलेले होते. मागे एक काळा चष्मा लावलेला पुरुष, एक तिशीतली गोरी बाई आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या केसांत गुलाबी चाप होती, फुलपाखराची. मला तेवढे पुरले. (ती चाप वेगळी आणि घरची वेगळी, आधीच्या कोणा 'नाती'ची, हे आता कळले. बाजारात तसल्या हजार मिळतात.) पुरुष व बाई मागून नावाने कळले, रोनक छाजेड व त्याची पत्नी जिनल, राहणार जळगाव, आणि मुलगी भाविका. त्यांना मी यापूर्वी कधी पाहिलेले नाही.

मी जीपच्या मागून गेले, त्यामुळे मला कोणी पाहिले नाही. वनरक्षक प्रेमराज यांनी विचारले, काय आबा, आज कोण? माझे पती म्हणाले, मधली लेक, जावई आणि नात. प्रेमराज यांनी मुलीकडे वाकून विचारले, बेटा, हे तुझे कोण? ती म्हणाली, आबा. तेवढ्यावर त्यांनी शिक्का उचलला. तेथे तपासायची रीत अशी आहे की गाडीतल्या सर्वात लहान पोराला विचारायचे, कारण लहान पोर खोटे बोलत नाही. आता आमच्याकडे कोणत्याही म्हाताऱ्याला आबाच म्हणतात. त्या रीतीने तर टपरीवालाही आमचा नातू लागतो. हे मी वनरक्षकांना नंतर सांगितले, त्यांना ते आवडले नाही.

मी पुढे होऊन मोठ्याने म्हणाले, "हाऊ मना नवरा शे! आनि हाई मधली लेक कोठून उनी?" मागे सात-आठ गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांनी माना बाहेर काढल्या. माझ्या पतीचा चेहरा पिठासारखा झाला. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "तू आठे कशी काय उनी?" मी म्हटले, बैठकीला आले, प्रश्न खूप आहेत.

वनरक्षकांनी मलाच विचारले, मावशी, तुम्ही कोण? मी पत्नी असे सांगितले. ते म्हणाले, मग पासधारकाचे नाव सांगा. मी म्हटले, नाव घेत नाही. ते म्हणाले, नाव माहीत नाही आणि बायको म्हणवता? मी म्हटले, माहीत आहे, घेत नाही, तुमच्या आईला विचारा का घेत नाही ते. तेव्हा मागच्या गाडीतले लोक हसले. वनरक्षकांचा संशय आधी माझ्यावरच होता, की मी फाटकावर गोंधळ घालून कोणाला तरी फुकट आत सोडणारी बाई आहे. आधार कार्ड दाखवल्यावर त्यांनी तोंड मिटले.

मग त्यांनी रजिस्टर काढले. त्यात प्रत्येक गाडीचा तपशील असतो आणि एक रकाना नात्याचा आहे. तो त्यांनी मला वाचून दाखवला. १२ ऑक्टोबर, थोरली लेक व जावई, नातू. २ नोव्हेंबर, धाकटी लेक व जावई, दोन नाती. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी धाकटी. मग नाशिकची लेक. मग सैन्यातला जावई. मग जिने पळून जाऊन लग्न केले ती लेक, पण आता राग नाही असा शेरा. एका रविवारी तर व्याहीसुद्धा. आजची सोडून बारा रविवारांत बारा लेकी. वनरक्षक म्हणाले, मी एकदा विचारले होते, आबा, किती मुली हो तुम्हाला? तर आबा म्हणाले, देवाने पदर भरून दिले. मी घरी जाऊन बायकोला सांगितले की बघ, एवढ्या मुली असूनही माणूस किती आनंदी. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते आणि मागचे लोक पुन्हा हसले. माझ्या मते त्यांनी लेखी तक्रार दिली ती पासावरून नाही, त्या हसण्यावरून दिली. हे माझे मत आहे, लिहायचे तर लिहा.

लेक आणि जावईच का, तर जावयाचे आडनाव वेगळे असते. कार्ड कोणी मागितले तरी आडनाव जुळायला नको. 'छाजेड कसे काय' असे विचारले असते तर यांचे उत्तर तयार होते, पोरीने मनाने केले, आजकाल चालते. ही अक्कल भूषणची नव्हे. ही बत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पास तपासलेल्या माणसाची अक्कल आहे. माझ्या माणसाने भावाच्या पासावर बसलेल्यांना, बापाच्या पासावर बसलेल्यांना, भर उन्हात मधल्या फाट्यावर उतरवले आहे. एकदा माझ्या सख्ख्या मामांना उतरवले. मामा आमच्याकडे पाच वर्षे आले नाहीत. म्हणून माझा नवरा भोळा होता, त्याला कोणी फसवले, असे मी लिहून देणार नाही. यांना सगळे माहीत होते.

हे चालू असताना ती मुलगी भाविका जीपमधून उतरून माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, आजी, तुमचे गुडघे बरे झाले? मी दचकले. विचारले, तुला गुडघ्यांचे कोणी सांगितले? ती म्हणाली, आबांनी. आबा म्हणाले आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती येत नाही, नाहीतर तिला सगळ्या पाखरांची नावे येतात. मला एकाही पाखराचे नाव येत नाही, कावळा-चिमणी सोडून. मुलगी म्हणाली, आबा म्हणाले तुम्ही भरीत केले की वांगी भाजल्याचा वास थेट बसस्टँडपर्यंत जातो आणि ड्रायव्हर गाडी सोडत नाहीत.

तिची आई जिनल म्हणाली, आबा चोपड्यापासून सारखे बोलत होते. एकदा बस नाल्यात अडकली तेव्हा नवरी-नवरदेवाला बसमध्येच अक्षता टाकल्या, ती गोष्ट सांगत होते. आमची पोरगी गाडीत कधी गप्प बसत नाही, आज बसली. मी विचारले, आमचे हे? बोलत होते? ती म्हणाली, हो आजी, आम्ही पोट धरून हसलो.

मला ती गोष्ट माहीत नाही. नवरी-नवरदेवाची. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली, मला नाही सांगितली. त्या वेळी मला रडू आले, ते फाटकावरच्या सगळ्यांनी पाहिले, म्हणून लपवत नाही. दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या, मला येते ते. येथे कोणाच्या धरू? मला वाटले होते या माणसाचे बोलणे आटले. ते आटलेले नव्हते. ते दर रविवारी जीपमध्ये बसून निमदऱ्याला येत होते.

भूषण यास मी बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, काकू, ऑक्टोबरमध्ये पास काढायला मीच आबांना नेले. नुसते पुढे बसायचे, जंगल फुकट पाहायचे, चहा आणि भेळ माझ्याकडे. एक रुपया घेत नाहीत आबा. पहिल्या रविवारी आबा नको नको म्हणत होते. दुसऱ्या रविवारी मीच उशिरा उठलो तर आबा दारात उभे. गिऱ्हाइकाकडून तो पूर्ण दर घेतो की अर्धा, ते तुम्ही त्याला विचारा, माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी विचारले, मग मला का नाही बसवले कधी? तो म्हणाला, काकू, चारच जणांना सवलत. तुम्ही बसलात की गिऱ्हाइकाचे एक माणूस पूर्ण दरात जाते, ते परवडत नाही.

साडेतीन वाजता आम्हा सर्वांना येथे आणण्यात आले. बाहेर पिंपळाखाली भूषणने मला पढवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, काकू, तुम्ही फक्त एवढेच सांगा की जिनल तुमची मानलेली लेक आहे. तुम्हाला एकदा दवाखान्यात भेटली, तुम्ही दिवाळीला तिला साडीचोळी करता, काहीही. मागच्या बारांचे आता कोण शोधणार? आजचे जुळले की सगळे जुळले. आबा सुटले. रोनक छाजेड यांनीही हात जोडले. म्हणाले, आजी, आमच्या दुकानाचे नाव आहे, पोलिसात नाव नको, आम्हाला तर गाडीवाल्याने सांगितले की सगळे असेच करतात. मुलगी माझ्या पदराशी खेळत होती.

खरे सांगते, मला हो म्हणावेसे वाटले. पोर गोड आहे. आजी म्हणते तर म्हणू द्यावे, त्यात माझे काय जाते? माझ्या एका शब्दावर हा माणूस बाकावरून उठून घरी येत होता. सत्तर ओलांडलेले, शुगर आहे, दुपारची गोळी घेतलेली नाही. मी गोळी दिली, पाणी दिले, आणि शेजारी बसले. मग मी विचारले, "माले काबर नही सांगं?" ते म्हणाले, तू हसली असतीस. मी म्हटले, आणि न्यायचे का सुचले नाही? ते म्हणाले, तुझे गुडघे. मी म्हटले, गुडघे माझे आहेत, त्यांना तुम्ही विचारले होते का? ते म्हणाले, नाही.

तेव्हा मी आत आले.

आता साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर. विचारल्यावरून सांगते की, जीपमधील रोनक छाजेड, त्याची पत्नी व मुलगी हे आमचे कोणी लागत नाहीत. मानलेलेही नाहीत. रजिस्टरमधील बाकीच्या बारा लेकी, जावई, नातवंडे व व्याही यांपैकीही आमचे कोणी नाही. आमची लेक एक, सारिका, ती सुरतला असून ती या उद्यानात कधीही आलेली नाही. ज्या माणसाने माझ्या मामांना भर उन्हात उतरवले त्याला मी खोटे बोलून बसवून घेणार नाही. नियमात जे होत असेल ते करावे. त्यांनी पैसे घेतले नाहीत हेही तितकेच खरे आहे, तेही लिहावे, आणि वय लिहावे, आणि शुगर लिहावी.

तुमची कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का, असे मला विचारण्यात आले. वनरक्षक प्रेमराज यांच्याबद्दल नाही. छाजेड कुटुंबाबद्दल नाही. भूषणबद्दल आहे, पण ती मी त्याच्या आईला सांगेन, तुमच्यापेक्षा ती बरी खबर घेईल.

माझी तक्रार पतीविरुद्ध आहे. पासाच्या मागे कुटुंब म्हणजे कोण ते छापलेले आहे. त्यात पहिला शब्द पत्नी आहे. लेक नंतर, जावई त्यानंतर, व्याही सर्वात शेवटी. यांनी तेरा रविवार त्या रजिस्टरात शेवटच्या व्याह्यापर्यंत सगळे भरले. पहिला शब्द एकदाही भरला नाही. जंगल आमच्या घरापासून जीपने दोन तासांवर आहे. मी त्याचे फाटक आज पहिल्यांदा पाहिले आणि तेही बाहेरून. गाडीत मागे जागा होती, मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः पाहिली. नुसते विचारले असते तरी कदाचित मी नाही म्हटले असते. गुडघे खरेच दुखतात. पण विचारायला हवे होते.

लिहून घेणाऱ्या दिपमाला यांनी सांगितले की आजी, ही तक्रार कोणत्याही कलमात बसत नाही. मी सांगितले, कलम नसेल तर नसू दे, कागदावर बसते की नाही ते पाहा. त्यांनी लिहिले.

हा जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखवण्यात आला. तक्रारीचा मजकूर ठेवायचा की खोडायचा असे विचारले, मी ठेवायचा म्हणून सांगितले. मजकूर मी बोलले तसाच उतरला आहे. मला सही करता येते, अंगठा घेऊ नये. सही करण्यापूर्वी मी विनंती केली की शेवटचा भाग पुन्हा एकदा वाचावा, दार उघडे ठेवून आणि मोठ्या आवाजात, कारण बाहेर बसलेल्या माणसाचे कान बत्तीस वर्षे इंजिनाशेजारी उभे राहून अधू झालेले आहेत. त्याप्रमाणे तो पुन्हा वाचण्यात आला. बाक सरकल्याचा आवाज आला आणि ते दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सगळे ऐकले आहे. ते खरे व बरोबर आहे.

सही/-
ताईबाई बोरसे